टाके उघडायची तारीख

खैरे मॅडम कामाला लई चोख होत्या, असं आता न्हावऱ्यात सगळे म्हणतात. डेअरीवर म्हणतात, सोसायटीच्या पायरीवर म्हणतात, लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसून म्हणतात. यातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. तो अर्ज आमच्याच ओट्यावर लिहिला गेला आणि तो लिहायला घेतलेलं पेन माझं होतं. म्हणून मी हे लिहिते आहे. त्यांची आरती ओवाळायला नव्हे. आरती त्यांना चाललीही नसती.

डॉ. विजया खैरे आमच्या जनावरांच्या दवाखान्यात बदलून आल्या तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. केस स्वतःच कात्रीनं कापल्यासारखे आखूड. पंजाबी ड्रेसवर मोठ्या खिशांचा पुरुषी शर्ट आणि पायात गमबूट. माहेर दौंडचं, सासरही दौंडचं. वडील रेल्वेत फिटर होते, त्यामुळे बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं आणि राग फार वर चढला की तोंडात हिंदी यायची. रोज सकाळी दौंडहून स्कूटरवर पारगावचा पूल ओलांडून यायच्या आणि नऊच्या ठोक्याला दवाखान्याचं कुलूप स्वतः काढायच्या. शिपाई दहाला येणार हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच मान्य करून टाकलं होतं. त्याच्यावर राग खर्च करायला त्यांना वेळ नव्हता.

त्या चिडल्या की आवाज चढत नसे, खाली यायचा. ऐकायला माणूस पुढं वाकायचा, आणि वाकला की ऐकायचं ते ऐकायचा. दुसरी गोष्ट म्हणजे जनावराला अहो-जाहो आणि चुकलेल्या माणसाला अरे-तुरे. म्हशीला म्हणायच्या, "अहो बाई, जरा पाय सरळ ठेवा." आणि त्याच दमात म्हशीच्या मालकाला, "तू तिकडं हो." तो मालक सरपंच असला तरी.

कुणाच्या दारात गेल्या की खुर्ची घेत नसत. आधी जनावराची पाण्याची टाकी बघायच्या. टाकी कोरडी असली की चहा नाही. "आधी तिचं पाणी, मग माझा चहा," हे वाक्य आमच्या गावातल्या प्रत्येक घरानं एकदा तरी ऐकलेलं आहे. आणि त्यांना तारीख लागायची. "गाय कवा उलटली?" म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर कधी आली, असं विचारलं आणि कुणी "मागल्या अमावशेच्या आसपास" म्हणालं की त्या पेन खाली ठेवायच्या आणि त्या माणसाकडं बघत बसायच्या. तो घरी फोन करून कॅलेंडर बघायला लावायचा, मगच पेन पुन्हा उचललं जायचं.

आमची त्यांची ओळख झाली ती घोडीमुळं.

माझे थोरले दीर, ज्यांना घरात आम्ही दादा म्हणतो, त्यांची चिमणी नावाची घोडी होती. भीमथडी जातीची. अंगानं लहान, रंगानं गव्हाळ. आमच्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं घोडी पळते आणि तिच्या मागं बैल जीव टाकून धावतात. चिमणी अशी दहा वर्षं पळाली. जत्रेजत्रेत दादांना खांद्यावर घेऊन लोक नाचले, ते तिच्या पायांवर. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा दादांना तिचं शिंगरू हवं झालं. नुसतं हवं झालं नाही. तालुक्यातल्या एका साहेबांना त्यांनी भर सत्कारात माइकवर शब्द दिला की चिमणीचं पहिलं शिंगरू साहेबांच्या दारात बांधीन. शब्द दिला तेव्हा घोडी गाभणही नव्हती.

भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात एकाकडं चांगला वळू घोडा होता. चिमणीला टेम्पोत घालून एकामागून एक सहा माजांना तिकडं नेली. सहाही वेळा ती उलटली. मग कुणीतरी कुठल्याशा जाणकाराचं नाव सांगितलं. तो झोळी घेऊन आला, तबेल्याचं दार आतून लावून घेतलं, अर्ध्या तासानं बाहेर आला, जेवला आणि गेला. पंधरा दिवसांनी तबेल्यातून असा वास यायला लागला की मोलकरीण लीद काढायला जाईना. तेव्हा मॅडमना बोलावलं.

त्या आल्या, टाकी बघितली, कोरडी होती. मी धावत जाऊन पाणी सोडलं. मी शाळेत शिकवते हे त्यांना शिपायानं सांगितलं असावं. "मास्तरीणबाई, तुम्ही इथंच थांबा, शेपूट धरा," म्हणाल्या. खांद्यापर्यंत हात साबणानं धुतला, हातमोजा चढवला. "अहो चिमणाबाई, हात गार आहे, माफ करा." घोडी थरथरत उभी राहिली. मॅडमचा हात बराच वेळ आत होता आणि चेहरा बदलत चालला होता. हात बाहेर आला तो मुठीत काहीतरी घेऊन. दोऱ्यानं बांधलेली, काळी पडलेली कापडाची पुरचुंडी. तिच्यातून पाणी गळत होतं.

माझ्या जाऊबाईंनी ओट्यावर चहाचा ट्रे आणून ठेवला होता. मॅडम तशाच ओट्यावर गेल्या आणि ती पुरचुंडी कपांच्या मधोमध ठेवली.

"हे कुणी घातलं?"

दादा, त्यांचे दोन सोबती, माझे यजमान, सगळे ट्रेकडं बघत राहिले.

"मी विचारते आहे. घोडीनं स्वतः घातलं का?"

"गावठी औषध हाय मॅडम," दादा म्हणाले. "वांझ घोडी बी राहती म्हणत्यात त्यानं."

"असलंच एक तुझ्या पोटात घालून ठेवू का पंधरा दिवस?"

दादा साठीचे. सोसायटीचे संचालक. त्यांना 'तू' म्हणणारी शेवटची बाई त्यांची आई, ती जाऊन वीस वर्षं झाली होती. ते उठून उभे राहिले. मॅडमनी त्यांच्या उठण्याची दखलच घेतली नाही. खाली बसून त्यांनी काडीनं मातीत घोडीच्या मागच्या बाजूचं चित्र काढलं आणि शाळेत समजावतात तसं समजावलं. वय झालं, घाटात पळून पळून मांस झडलं, शेपटाखालचा भाग आत ओढला गेला आणि अंग सरळ राहायचं ते तिरकं झालं. आता लीद पडली की थेट त्याच्यावर. पळताना हवा आत जाते, हवेबरोबर घाण. गर्भपिशवीला सूज आलेली, आत पू.

"सहा वेळा तिला घोड्याकडं नेलीस. सहा वेळा तीच घाण आणखी आत ढकललीस. ही वांझ नाही. आजारी आहे, आणि तुम्ही केलीत."

वांझ या शब्दाला त्यांच्या दवाखान्यात बंदी होती. गाय असो, शेळी असो, कुणी तो शब्द काढला की त्या म्हणायच्या, "काय झालंय ते सांग. शिवी नको देऊस." त्यावरून गावात बायका कुजबुजायच्या की बाईला मूलबाळ नसणार, म्हणून एवढी झोंबते. मलाही तसंच वाटलं होतं. मग एकदा त्यांचे दोन्ही मुलगे त्यांना न्यायला आले, दोघंही त्यांच्यापेक्षा हातभर उंच, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. बाई रागावली की तिच्या घरात काहीतरी दुखत असलं पाहिजे, असं आपण धरूनच चालतो. समोर उभ्या असलेल्या जनावरासाठी कुणी रागावू शकतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चिमणीची पिशवी त्यांनी दिवसाआड येऊन धुतली. स्रावाचा नमुना तपासायला पाठवला, आलेल्या रिपोर्टप्रमाणं औषध सोडलं. सांगितलं की तीन महिने घाट नाही, घोडा नाही, खुराक वाढवा, अंग भरू द्या. पुण्याजवळच्या एका मोठ्या स्टड फार्मवर त्यांनी तरुणपणी दोन वर्षं काम केलं होतं, त्यामुळं घोड्यांचं त्यांना जितकं कळायचं तितकं आसपास कुणाला कळत नसे. पण त्या स्वतः ते कधी सांगत नसत. मलाच एकदा म्हणाल्या होत्या, "तिथं घोडीला एसी होता आणि मुतारीला दार नव्हतं. सोडून आले."

याच काळात वरातीची भानगड झाली. चौकातून वरात चालली होती, डीजे, फटाके, आणि नवरदेव घोडीवर. मॅडम दवाखाना बंद करून निघाल्या होत्या. त्यांनी स्कूटर आडवी लावली, गर्दीतून आत शिरल्या, घोडीच्या पोटाखाली हात घातला आणि घोडीवाल्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. घोडीला दहावा महिना होता. झालरीखाली पोट लपवलेलं.

मॅडम नवरदेवाला म्हणाल्या, "चालता येतं ना तुला?"

"व्हय," नवरदेव म्हणाला.

"मग उतर."

डीजेवाल्यानं आवाज बंद केला. करवल्या, मामा, सगळे अंगावर धावून आले. त्या घोडीच्या लगामाला धरून उभ्या राहिल्या. शेवटी नवरदेवच उतरला आणि मांडवापर्यंत चालत गेला. तो पोरगा पुढं बऱ्याचदा शेळ्या घेऊन दवाखान्यात यायचा, त्याला काही वाटलं नव्हतं. वाटलं ते त्याच्या चुलत्याला. हा चुलता म्हणजे तेच साहेब, ज्यांना दादांनी शिंगराचा शब्द दिला होता.

तीन महिने पुरे व्हायच्या आत दादांनी चिमणीला एका जत्रेत घाटात उतरवलीच. एकच घाट, म्हणाले, साहेब आलेत. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, घोडीच्या पायांची सूज बघितली, सगळं समजल्या. त्या दिवसापासून दीड महिना त्या दादांशी बोलल्या नाहीत. दादा समोर उभे असायचे आणि त्या मला सांगायच्या, "मास्तरीणबाई, या माणसाला सांगा, शेपूट वर धर." मी दादांकडं बघायची. दादा शेपूट वर धरायचे. मग दादा मला विचारायचे, "मॅडमना इचार, आता भरवायची कवा?" आणि मी दोन पावलांवर उभ्या असलेल्या मॅडमना तो प्रश्न पुन्हा विचारायची. यात हसण्यासारखं होतं, पण घरात कुणाची हिंमत नव्हती.

पाडव्यानंतर घोडी माजावर आली तेव्हा मॅडमनी तिला चार वेळा तपासली आणि नेमका दिवस ठरवला. एकदाच घोड्याकडं न्यायची. त्या स्वतः टेम्पोच्या मागून स्कूटरवर गेल्या. परत आल्यावर पुन्हा पिशवी धुतली. तीन दिवसांनी घोडीला उभ्याउभ्याच भूल देऊन शेपटाखालच्या तिरक्या फटीचा वरचा भाग टाके घालून बंद केला, म्हणजे लीद, हवा, काही आत जाणार नाही. लघवीपुरती जागा खाली सोडली. मग मला जवळ बोलावलं आणि बोटानं दाखवलं.

"हे जुळून एक होईल. आत शिंगरू राहिलं तर त्याला बाहेर यायला ही वाट पुरणार नाही. विण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी हे उघडायचं. इथून इथपर्यंत, सरळ रेषेत. पाच मिनिटांचं काम आहे. कुणीही डॉक्टर करेल. वेळच आली तर कात्री चालेल. पण उघडायचंच."

त्यांनी निळा ऑइलपेंट मागवला आणि तबेल्याच्या भिंतीवर वीतभर उंचीच्या अक्षरांत तारीख लिहिली. वर लिहिलं, 'टाके उघडायची तारीख.' दादा म्हणाले, "भिंत कशाला खराब करताय?" त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, या माणसाला सांगा, भिंत धुता येते."

चिमणी गाभण राहिली. मॅडमनी हात घालून ती राहिल्याचं सांगितलं तेव्हा दादांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी नाकारणार नाही. त्यांचा तिच्यावर जीव होताच. आपला जीव आहे म्हणजे आपण म्हणू तेच तिच्या भल्याचं, एवढीच त्यांची समजूत होती.

त्यानंतर भाद्रपदात साहेबांची माणसं आली. मॅडम लोकांशी उद्धट वागतात, शेतकऱ्यांना शिवीगाळ करतात, बदली करावी, असा अर्ज होता. मजकूर तयार होता, कागदावर उतरवायचा होता. दादांनी मला हाक मारली. "शैला, पेन हाय का गं?" मी पेन दिलं. मला माहीत होतं कशाला हवं आहे. दार अर्धं उघडं होतं आणि मी दाराआड भाजी निवडत सगळं ऐकत होते. पहिली सही दादांची. आमच्या तबेल्यात त्या बाईच्या हातानं राहिलेलं शिंगरू वाढत होतं आणि ओट्यावर तिची बदली लिहिली जात होती. मी भाजी निवडली.

दिवाळीआधी त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात. जाण्याआधी त्या आल्या. अर्जाचं त्यांना ठाऊक होतं, सह्यांची नक्कल त्यांनी बघितली होती. दादा घरात असून बाहेर आले नाहीत. मॅडमनी चिमणीला तपासलं, पोटावर हात फिरवला. "जपा हो," तिला म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तारीख विसरू नका." अर्जाचा एक शब्दही नाही. त्यांनी काही बोलावं असं मला फार वाटत होतं.

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. तीन दवाखान्यांचा भार असलेले एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन सह्या करून जायचे.

पौषात साहेब घोडी बघायला येणार म्हणून तबेला रंगवून घेतला. मी शाळेतून आले तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती. रंगाऱ्यानं निळ्या अक्षरांवर दोन हात जास्तीचे दिले होते. मी तारीख माझ्या शाळेच्या डायरीत लिहून ठेवली होती. ती तारीख जवळ आली तशी मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." चार दिवसांनी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "अगं, आजपत्तोर घोड्या काय टाके उघडून व्याल्या व्हय? जनावर हाय ते, त्याचं त्ये बघतंय." मी त्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, येतो गुरुवारी. गुरुवारी मीटिंग निघाली. मॅडमना फोन करायचं माझ्या मनात रोज यायचं आणि रोज ते पेन आठवायचं. कुठल्या तोंडानं करू? तारीख उलटून दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी संध्याकाळी चिमणीच्या सडांवर चिकाचे थेंब दिसले, विण्याची घटका आली, तेव्हा मी मॅडमना फोन लावला.

पलीकडून अगदी खालच्या पट्टीत, "अजून उघडले नाहीत?"

"नाही."

"मी पहाटे निघते. तोवर कुणीही डॉक्टर मिळाला तर आणा. कुणीच नाही मिळालं आणि तिनं जोर करायला सुरुवात केली, तर तुम्ही उघडा. मी दाखवलं होतं."

रात्री त्या डॉक्टरांचा फोन बंद लागला, दुसरा कुणी मिळाला नाही. उजाडता उजाडता चिमणीनं जोर करायला सुरुवात केली. दादा, माझे यजमान, जाऊबाई, सगळे तबेल्यात. ती आडवी पडली होती. शिंगराभोवतीची पांढरी पिशवी फुगून टाक्यांपाशी अडत होती, शिंगराचे खूर आतून कातड्यावर उमटत होते आणि वाट होत नव्हती. माझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री मी उकळून आणली होती. माझ्या हातात होती. इथून इथपर्यंत, सरळ रेषेत, ते मला माहीत होतं.

"बाईमाणसानं हात लावू नका," दादा म्हणाले. "डाक्टर येऊ द्या."

मी थांबले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. घोडीला जास्त वेळ लागत नाही, जे व्हायचं ते झटपट होतं. चिमणी एकदा ओरडली आणि कातडं आपोआप फाटलं, टाक्यांच्या रेषेत नाही, बाजूनं, तिरकं, वर गुदद्वारापर्यंत. मग सगळ्यांनी मिळून शिंगरू ओढलं. मादी होती. आईसारखीच गव्हाळ. दादांनी तिच्या नाकात फुंकर घातली, गोणपाटानं अंग चोळलं, पाय धरून उलटी केली. तिनं श्वास घेतला नाही.

मॅडम साडेआठला पोचल्या. गाडी लावली, चिमणीपाशी गेल्या, मग शिंगरापाशी. त्याचा ओठ वर करून हिरडी बघितली आणि ओठ पुन्हा नीट खाली केला. माझ्याकडं वळल्या.

"कात्री नव्हती घरात?"

"होती," मी म्हणाले.

त्यांनी बाह्या वर केल्या. खांद्यापर्यंत हात धुतला आणि कामाला लागल्या.

तीन तास त्या गुडघ्यांवर होत्या. फाटलेलं सगळं थराथरानं शिवत होत्या. दादा शेपूट धरून उभे. त्यांनी ते एकदाही सोडलं नाही. शेवटचा टाका पडला, मॅडम कंबर धरून उठल्या. दादांनी कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं,

"मॅडम, पुन्यांदा भरवता येईल का हिला? पुढल्या साली?"

मला वाटलं, आता त्यांच्या हातातला चिमटा दादांना बसणार. मॅडमनी तो पाण्याच्या बादलीत टाकला.

"येईल ना," त्या म्हणाल्या. "आधी हिला विचार. ही हो म्हणाली की मला फोन कर."

दादा बाहेर गेले. पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज गेला. डॉक्टरनं नको ते टाके घातले, त्यामुळं शिंगरू दगावलं. साहेबांना दिलेला शब्द मोडला होता आणि त्याचा दोष कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायला हवा होता. या वेळी दादांनी माझ्याकडं पेन मागितलं नाही.

चौकशी शिरूरला झाली. मी शाळेत रजा टाकली, एसटीनं गेले आणि माझा जबाब लिहून दिला. तारीख, भिंत, रंग, फोन, कात्री, सगळं. कात्रीचं लिहिताना चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे लिहायलाच हवं का?" मी म्हणाले, हवं. दादा समोरच्या बाकावर बसले होते. त्या दिवसापासून आमची चूल वेगळी झाली. यजमान माझ्या बाजूनं एवढंच बोलले की वेगळ्या चुलीवरचा पहिला चहा त्यांनी स्वतः केला.

मॅडमवर ठपका आला नाही. टाके योग्य होते, वेळेत उघडले नाहीत, असं अहवालात आलं. बदली मात्र तशीच राहिली.

जबाब झाल्यावर त्या मला ऑफिसच्या आवारात भेटल्या. मला वाटलं होतं त्या काही चांगलं बोलतील. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच थांबले होते.

"आज माझ्यासाठी बोललात," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली की मला पुढं वाकावं लागलं. "माझं काय अडलं होतं? माझा पगार चालू आहे. दोन वर्षांनी पेन्शन. ज्या दिवशी तिच्यासाठी बोलायचं होतं, हातात कात्री होती, त्या दिवशी तुम्ही परवानगीची वाट बघत बसलात. शिकलेल्या आहात तुम्ही. पोरींना शिकवता. काय शिकवता त्यांना?"

उत्तर त्यांना नकोच होतं. घोडी कुठं आहे, एवढं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दादांनी ती वडगाव रासाईच्या एका मेंढपाळाला देऊन टाकली, ओझं वाहायला. "नाव सांगा त्याचं," म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी ते हातावर लिहून घेतलं आणि गेल्या. मी त्यांच्यावर चिडले होते. पुढं कित्येक महिने चिडून होते. आज मी कुणावर चिडले आहे ते मला नीट ठाऊक आहे.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. त्या निवृत्त झाल्याचं कानावर आलं होतं. मी माझ्या नणंदेकडं वडगाव रासाईला निघाले होते, एसटी भीमेच्या काठाकाठानं चालली होती. फाट्यावर गाडी थांबली, खाली पात्रात मेंढरं पसरलेली दिसली आणि कडेला उथळ पाण्यात गव्हाळ रंगाची एक घोडी. पाठीवर ओझं नव्हतं. शेजारी गुडघाभर पाण्यात आखूड पांढऱ्या केसांची ठेंगणी बाई उभी होती आणि तांब्यानं घोडीच्या पाठीवर पाणी ओतत होती. मेंढपाळ दहा पावलांवर मान खाली घालून उभा होता. त्याचं काय चुकलं होतं कोण जाणे. बाईंनी तांब्या त्याच्या दिशेनं हलवला, तसा तो पळत गेला आणि घोडीचा मागचा पाय उचलून धरला. त्या वाकून खूर बघायला लागल्या. घोडी मान वळवून त्यांच्या पाठीवर शर्टाचं कापड हुंगत होती.

फाट्यावर उतरून काठापर्यंत चालत जायला पाच मिनिटंही लागली नसती.

"उतरायचंय का बाई?" कंडक्टरनं विचारलं.

मी नाही म्हणाले. त्यानं घंटी मारली.